विश्लेषण : नाशिकची ट्राम नेमकी कुठून जायची, आणि ओझरकरांनी ते का विचारावे?

ओझरच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की आता नाशिकला जायचे कसे? विमानतळाला नाव नाशिकचे, जागा ओझरची आणि मध्ये वीसेक किलोमीटरचा मुंबई-आग्रा महामार्ग. प्रश्न नवा वाटतो, पण नाशिककरांच्या पणजोबांनाही तो पडला होता. तेव्हा विमानाच्या जागी आगगाडी होती आणि ओझरच्या जागी नाशिकरोड. त्या नाशिकने त्यावर उत्तर शोधले होते ते ट्रामचे. १८८९ मध्ये ती उभी राहिली आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान बंद पडली. आज द्वारका चौकात सिग्नलला अडकलेल्या शंभर माणसांना विचारले, तर नाशिकला ट्राम होती हे ठाऊक असलेली चार-दोन निघाली तरी पुष्कळ.

स्थानक गावाबाहेर का राहिले?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कसारा घाट १८६५ मध्ये खुला झाला आणि मुंबईहून थेट इगतपुरी, मनमाडकडे गाड्या धावू लागल्या. लोहमार्ग आखणाऱ्या अभियंत्याला चढ नको असतो, वळण नको असते. एखाद्या गावाचे मन राखण्यासाठी तो सहसा वाकत नाही. गोदाकाठचे नाशिक असेच बाजूला राहिले आणि आठ-दहा किलोमीटरवर स्थानक झाले. त्याचे नाव ठेवले नाशिकरोड. रेल्वेच्या भाषेत नावामागे 'रोड' लागला की समजावे, गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून आहे. राजस्थानातले आबूरोड तसेच, आणि कुर्डुवाडीलाही एके काळी रेल्वे बार्शीरोडच म्हणत असे.

स्थानकावर उतरलेल्या यात्रेकरूला रामकुंड गाठायचे तर टांगा हाच मुख्य आधार. सिंहस्थाचे गाव, बारमाही यात्रा, त्यामुळे या पट्ट्यात प्रवासी कमी पडणार नाहीत असा हिशेब ट्राम काढणाऱ्यांनी केला असावा. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. ट्राम चाळीसहून अधिक वर्षे चालली. आपल्याकडच्या कितीतरी योजना कागदावरसुद्धा इतक्या टिकत नाहीत.

मार्ग कोणता होता?

दोन टोके पक्की आहेत. एक मेनरोडवरची जुनी नगरपालिकेची इमारत, दुसरे नाशिकरोड स्थानक. मधला एक ठिपका गंजमाळचा. तिथून स्थानकापर्यंत दाट झाडी होती, असे जुने वर्णन आहे. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे अरुंद रुळांच्या जगात ज्यांचा दबदबा झाला, तेच हे गृहस्थ.

गंजमाळ ते नाशिकरोड या पट्ट्यात आज द्वारका, काठे गल्ली, गांधीनगर, उपनगर, दत्तमंदिर, बिटको अशी नावे लागतात. पुणे रस्त्याने एका रविवारी सकाळी सातला मी हे अंतर चालून पाहिले. शोधण्यासारखे काही डोळ्यांना दिसले नाही हे कबूल करतो. रूळ नाही, थांबा नाही. उपनगरला चहा घेताना टपरीवाल्याला 'इथे ट्राम होती' म्हटले, तर त्याने 'मेट्रो म्हणताय का?' असे विचारले. त्याचे उत्तर वाटते तितके चुकलेले नाही. त्याकडे पुढे येतो.

असा मार्ग शोधायचा तर पायांपेक्षा कागद जास्त उपयोगी पडतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे त्या काळचे नकाशे, नगर भूमापन कार्यालयातल्या जुन्या शीट, नगरपालिकेचे ठराव, महसुलातले फेरफार. नकाशावर काय पाहायचे याचीही एक रीत आहे. घोडा काटकोनात वळतो, रूळ वळत नाही. अरुंद रुळालाही वळायला ठरावीक गोलाई लागते. म्हणून चौकोनी प्लॉटांच्या गर्दीत एखादी हद्द विनाकारण कमानीसारखी वाकलेली दिसली, किंवा रस्त्याची एक बाजू मध्येच काही फूट जास्त रुंद निघाली, तर तिथे थांबावे. नाल्यावरची मोरी, चढावर केलेली खोदाई, खोलगट जागी घातलेला भराव हेही साक्षीदार असतात. जुने रूळ तर गावोगाव कुंपणाचे खांब किंवा छताच्या तुळया होऊन उभे असतात. हे सगळे कागद एकमेकांवर ठेवून एक रेष काढणे हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांचे दोन महिन्यांचे काम आहे.

बंद का पडली?

लागोपाठच्या दुष्काळांनी आणि प्लेगने ट्राम तोट्यात गेली, असे सरधोपट सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. मुंबई इलाख्यात प्लेग आला १८९६ मध्ये, मोठा दुष्काळ पडला १८९९-१९०० मध्ये. त्या धक्क्यांनी कंबरडे मोडलेही असेल, पण ट्राम त्यानंतर आणखी तीस वर्षे धावली. जॅक्सनचा वध झाला त्या १९०९ च्या डिसेंबरात ती होती. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हाही ती होती, शेवटच्या घटका मोजत.

शेवटचा घाव बहुधा मोटारीचा. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि त्याच काळात रस्त्यावर मोटारबस आली. बसला रूळ टाकावे लागत नाहीत, रस्ता सरकार राखते आणि प्रवासी हात दाखवेल तिथे ती थांबते. हे दुखणे एकट्या नाशिकचे नव्हते. रस्ते आणि रेल्वे यांच्यातल्या स्पर्धेचा अभ्यास करायला सरकारने १९३२ मध्ये मिचेल-किर्कनेस समिती नेमली. नाशिकची ट्राम अखेरच्या फेऱ्या मारत होती ती हीच वर्षे.

बार्शीची गाडी वाचली, नाशिकची का नाही?

एकच अभियंता, रुळांचे अंतर एकच, पण दैव वेगळे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी ते बार्शीरोड अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. मोटारबसचा मार तिलाही बसलाच. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले. काही ठिकाणी मार्ग बदलला, धाराशिव शहर नव्याने जोडले गेले. आज लातूरकर रात्री गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो, तो बऱ्याच अंशी शंभर वर्षांपूर्वी संपादन केलेल्या पट्ट्यावरून.

माझ्या मते खरा फरक त्या पट्ट्याचा आहे. बार्शीकडे स्वतःच्या हद्दीची सलग जमीन होती. गाडी रडतखडत चालो की थांबो, सातबाऱ्यावर रेल्वेचे नाव राहिले. विदर्भात शकुंतलेच्या बाबतीत मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूरचे लोक आजही आशा सोडत नाहीत, ती याच बळावर. खान्देशात पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीच्या जागी ब्रॉडगेजला मंजुरी मिळाली, तीही मार्ग शाबूत होता म्हणून. नाशिकची ट्राम गेली, रूळ निघाले आणि मागे पट्टा म्हणून काही उरले नाही. जे होते ते रस्त्यात आणि वस्तीत मुरले. रस्ता रुंद झाला हा फायदा खराच, तो नाकारत नाही. पण तो फायदा कधीच संपला. संध्याकाळी सहाला द्वारकावर उभे राहून पाहावे.

टपरीवाल्याची मेट्रो ती हीच. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. टायरवर चालणारी, विजेच्या तारेखालून जाणारी 'मेट्रो निओ'. तिची एक मार्गिका गंगापूरहून द्वारकामार्गे नाशिकरोड स्थानकापर्यंत आखली आहे. म्हणजे १८८९ ची ट्राम ज्या दिशेने जायची तीच दिशा, फक्त खाली जागा नाही म्हणून आता खांबांवर. घोषणेला वर्षे उलटली आणि खांब काही उभे राहिले नाहीत. जमिनीवरून सुटलेली रेष हवेतून परत मिळवायला किती कोटी लागतात, याचा हिशेब नाशिकला आता समजला असेल.

मग ओझरचा काय संबंध?

आमचे ओझर म्हणजे विघ्नहराचे ओझर नव्हे. ते जुन्नर तालुक्यात. हे निफाड तालुक्यातले, बाणगंगेकाठचे, १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आलेले. बाहेरगावचे लोक अजून 'ओझर मिग' म्हणतात. इथे लढाऊ विमाने तयार झाली, प्रवासी विमानतळाची नवी इमारत २०१४ मध्ये उभी राहिली, पण प्रवासी रेल्वे कधी आली नाही. मुख्य लोहमार्ग आमच्याच तालुक्यातून, कसबे सुकेण्यावरून जातो. स्थानक तिकडे, विमानतळ इकडे, शहर तिसरीकडे. नाशिकरोडची गोष्ट तंतोतंत.

आजच इथे ट्राम टाका असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. आज शहर बसच्या फेऱ्या विमानांच्या वेळेशी जुळल्या तरी खूप झाले. पण महामार्गाच्या दोन्ही बाजूंना बिनशेती झपाट्याने होते आहे. द्राक्षबागेच्या जागी गाळे आणि गाळ्यांच्या मागे गृहप्रकल्प, हे आम्ही रोज पाहतो. विमानतळ ते नाशिक आणि विमानतळ ते कसबे सुकेणे असे दोन पट्टे विकास आराखड्यात आत्ताच राखून ठेवले, तर त्यावर पुढे बसमार्गिका होईल, मेट्रो होईल, नाहीतर आणखी काही. वीस वर्षांनी तोच पट्टा घेताना पाडापाडी होईल, दावे होतील आणि शेवटी पुन्हा खांब. आरक्षण पडले की शेतकऱ्याची जमीन वर्षानुवर्षे अडकते, ना विकता येते ना बांधता येते, ही तक्रार रास्त आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय हे करू नये. पट्टा अरुंद ठेवावा आणि मोबदला आरक्षणाच्या वेळीच द्यावा. तो आजच्या भावाने देणे सरकारलाच स्वस्त पडेल.

ट्रामसाठीही एक छोटे काम करता येईल. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, गटारे, जलवाहिन्या यांची खोदाई होत राहणार. मेनरोड ते नाशिकरोड या पट्ट्यात जुना रूळ, स्लीपरचा तुकडा किंवा मोरीचे दगड निघाले, तर ते भंगारात घालण्याआधी जागेची नोंद आणि छायाचित्र महापालिकेकडे जावे, एवढी एक अट निविदेत टाकता येते. त्याला वेगळा निधी लागत नाही.