विहिरीचे पाणी आणि संशोधनाचे अनुदान

झाशीचे नाव मराठी वाचकास राणी लक्ष्मीबाईमुळे सुपरिचित आहे. त्याच जिल्ह्यातील बबीना हा तालुक्याएवढा विभाग मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो. येथील भूमी कठीण ग्रॅनाइट खडकाची, पाऊस लहरी आणि विहिरी उथळ. त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष हे ठरलेलेच.

या विभागातील परासई, छतपूर व बछौनी या तीन गावांच्या सुमारे १,२५० हेक्टर पाणलोट क्षेत्रात २०११ साली एका संयुक्त प्रयोगास आरंभ झाला. झाशीची कृषिवानिकी संशोधन संस्था व हैदराबादनजीकची 'इक्रिसॅट' ही संस्था एकत्र आल्या. कोका-कोला इंडिया प्रतिष्ठानाने अर्थसाहाय्य केले. बुंदेलखंडात 'हवेली' म्हणजे वाडा नव्हे, तर पावसाळ्यात शेतजमिनीवर पाणी अडवून धरणारा जुना मातीचा बांध. पावसाळा सरल्यावर ते पाणी सोडून ओल्या जमिनीत रब्बीचा पेरा करीत. अशी मोडलेली हवेली दुरुस्त झाली, नाल्यांवर बंधारे पडले, झाडे लावली गेली आणि विहिरींच्या पाण्याची पातळी काही मीटरांनी वर आली. जलशास्त्र, कृषिशास्त्र व वनशास्त्र यांना एकाच योजनेतून पैसा मिळाला, म्हणूनच हे साधले.

तथापि या यशाचे मोजमाप मुख्यतः पाणी, पीक व दूध यांच्या परिमाणांत झाले. विहिरीचे पाणी पिकाप्रमाणे माणसाच्या पोटातही जाते. ग्रॅनाइटच्या प्रदेशात भूजलात कोठे कोठे फ्लोराइड अधिक आढळते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा दीर्घकाळ ओलांडली गेल्यास दात व हाडे बिघडतात. पावसाचे पाणी मुरल्याने हे प्रमाण घटते काय? साचलेल्या पाण्यात हिवतापाचे डास वाढतात काय? या प्रश्नांचे उत्तर एकट्या वैद्यास वा एकट्या भूशास्त्रज्ञास देता येणार नाही.

अनेकांच्या हाती काम दिले की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही, आणि एकेका शास्त्राचे सखोल संशोधन स्वतंत्रपणे चाललेच पाहिजे. परंतु जबाबदारीचा प्रश्न कामाची स्पष्ट वाटणी व एक उत्तरदायी प्रमुख यांनी सुटतो. हुकलेल्या नोंदीस मात्र उपाय नाही. बांध घालण्यापूर्वी पाण्यात काय होते व गावातील मुलांचे दात कसे होते, हे आधी टिपले नाही, तर पुढे कितीही पैसा ओतला तरी ती नोंद हाती येत नाही.

म्हणून अनुदान देणाऱ्या संस्थांनी, मग त्या सरकारी असोत वा खाजगी, एक नियम करावा: जेथे पाण्याची व्यवस्था बदलावयाची आहे, तेथील पहिल्याच अंदाजपत्रकात आरोग्यशास्त्रज्ञाचा वाटा असावा, आणि काम संपल्यानंतरही काही वर्षे निरीक्षण चालू राहील इतकी तरतूद असावी. विहीर भरली, एवढ्याने काम पुरे होत नाही. ते पाणी पिणारा माणूस निरोगी राहिला, हेही सिद्ध व्हावयास हवे.