बूट पार्टिशन : आपोआप की हाताने?

होस्टेलवर कोणी लिनक्स टाकायला बसला की एक वाद हमखास रंगतो. '/बूट'चं वेगळं पार्टिशन मशीन सुरू होतानाच आपोआप माउंट व्हावं, की एफएसटॅबमध्ये 'नोऑटो' लिहून ते बंद ठेवावं? माझं मत स्पष्ट आहे : आपोआप!

'नोऑटो'वाल्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. ग्रबने कर्नल मेमरीत घेतला की /बूटचं काम संपतं. मग ते उघडं कशाला ठेवायचं? रूट म्हणून काम करताना चुकून फाईल उडाली तर? शिवाय 2000 च्या दशकात /बूट बऱ्याचदा ईएक्सटी2 वर असे. त्याला जर्नल नाही, त्यामुळे वीज गेली की तपासणी आलीच. जेंटूच्या हँडबुकातल्या नमुन्यातही तेव्हा 'नोऑटो' असायचं.

पण खरी गोम पुढे आहे. पार्टिशन माउंट नसलं तरी /बूट नावाची रिकामी डिरेक्टरी रूटवर असतेच. अपडेटच्या वेळी माउंट करायचं राहिलं, तर नवा कर्नल गुपचूप तिथे जाऊन बसतो. बहुतेक वेळा एररसुद्धा येत नाही! ग्रब मात्र पार्टिशनमधला जुनाच कर्नल उचलतो. सुरक्षेचं भोक बुजलं असं आपण समजतो आणि ते असतं तसंच. आर्चसारख्या सिस्टिममध्ये अपडेटबरोबर जुने मॉड्यूल्सही जातात. मग जुन्या कर्नलला नेटवर्क कार्डही सापडत नाही. /बूट एफएटीवर असेल, तर ते माउंट करायला लागणारं व्हीफॅट मॉड्यूलही गायब! म्हणजे कुलूप लावलं आणि किल्ली आतच राहिली.

लॅबमध्ये तर अपडेट रात्री आपोआप होतात. तिथे माउंट करायला कोण जागणार?

एवढी भीती वाटत असेल, तर मधला मार्ग आहे. सिस्टिमडीचा 'ऑटोमाउंट' पर्याय लावा. /बूटला कोणी हात लावला की ते माउंट होतं, आणि वेळ ठरवून दिली तर वापर नसताना पुन्हा सुटतं. लक्षात ठेवायची जबाबदारी मशीनची, आपली नाही.

तरीही 'नोऑटो'च हवं? हरकत नाही. फक्त पुढच्या कर्नल अपडेटनंतर रीबूट करून 'यूनेम -आर' मारा. नंबर जुनाच दिसला, तर नवा कर्नल कुठे बसलाय ते आता सांगायला नको!