उपग्रहाचा तराजू आणि वाशिमच्या विहिरी

भारत आणि अमेरिका यांनी संयुक्तपणे उभारलेला ‘निसार’ हा उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात सोडण्यात आला. दर 12 दिवसांनी जवळजवळ सर्व भूपृष्ठाची रडारने पाहणी करावी आणि जमीन कोठे खचली, कोठे उचलली गेली हे सेंटिमीटरच्या हिशेबात टिपावे, असे हे यंत्र आहे. भूगर्भातील पाण्याचे कोडे आता आकाशातूनच सुटेल, अशी आशा त्यामुळे बाळगली जाणे स्वाभाविक होय. वाशिमसारख्या जिल्ह्याच्या बाबतीत मात्र ती जरा पारखून घेतली पाहिजे.

या विद्येचे सामर्थ्य वादातीत आहे. 2002 ते 2017 या काळात ‘ग्रेस’ नावाचे दोन उपग्रह एकामागोमाग पृथ्वीभोवती फिरत होते. त्यांच्यातील अंतर सुमारे 220 किलोमीटर, म्हणजे साधारणतः वाशिम ते नागपूर इतके. खाली वस्तुमान अधिक असले की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि अंतर किंचित वाढे. केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म असा हा फरक मोजून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील महिन्यामहिन्याचे फेरफार काढले गेले. 2018 पासून त्याच जातीची दुसरी जोडी हे काम करीत आहे. ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या अवधीत राजस्थान, पंजाब आणि हरियाणा यांच्या भूगर्भातून 109 घन किलोमीटर पाणी कमी झाले, हा 2009 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष याच मापनातून निघाला.

परंतु हा तराजू फार मोठ्या वजनांचा आहे. लाखभर चौरस किलोमीटरहून लहान प्रदेश त्याला वेगळा दिसत नाही. सगळा विदर्भ त्याच्या एका पारड्यात कसाबसा मावतो. वाशिमचे क्षेत्र तर सुमारे 5 हजार चौरस किलोमीटरच आहे. शिवाय तो केवळ एकूण वजन सांगतो. त्यातील तलावांचे पाणी किती, मातीतील ओल किती आणि विहिरींचे किती, ही वजाबाकी गणितज्ञांना अंदाजानेच करावी लागते.

त्यात वाशिमची भूमी काळ्या पाषाणाची. गंगेच्या मैदानात गाळाचे जाड थर पाणी साठवतात आणि उपसा वाढला की दबतात. दिल्लीच्या परिसरात जमीन अशी खचलेली आढळली आहे. दख्खनच्या खडकात पाणी राहते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. त्याची साठवणक्षमता साधारण शेकडा 2 धरली, तर विहिरीची पातळी 5 मीटर खाली गेली तरी खडकातून निघालेल्या पाण्याचा थर जेमतेम 10 सेंटिमीटर भरतो. खडक काही त्यासाठी खचत नाही. उलट काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून खाली बसते. रडारला जमिनीची ही हालचाल दिसली, तर तिला भूजलाची चढउतार समजण्याचा मोह टाळावा लागेल.

दुसरी अडचण उंचसखलपणाची. याच जिल्ह्यातून काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेकडे वाहते व तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास मिळते. अडाण पैनगंगेस जाऊन मिळते आणि तिचे पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरात पोहोचते. अशा जलविभाजकाच्या मुलखात जिल्ह्याची सरासरी म्हणजे कोणत्याच गावची स्थिती नव्हे.

पृथ्वीच्या मापनाशी या परिसराचे नाते जुने आहे. प्राचीन मध्यरेषा वाशिमच्या मध्यमेश्वरावरून जाते, अशी स्थानिक श्रद्धा आहे. (अर्थात उज्जैन वाशिमच्या बरेच पश्चिमेस आहे, हा भाग वेगळा!) एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी दक्षिणोत्तर महामापन केले ते वऱ्हाडातून, त्याचे प्रवर्तक लॅम्टन 1823 साली हिंगणघाटला निवर्तले. त्यांचे कार्य पुढे नेणाऱ्या एव्हरेस्ट यांच्या मोजणीत, मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना यांच्या अक्षांशांतील अंतर ताऱ्यांवरून एक आले आणि जमिनीवरील त्रिकोणांवरून दुसरे. तफावत अवघी 5 विकलांची होती. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, पण अपेक्षेहून बराच कमी, हे प्रॅट यांनी 1850 च्या दशकात त्यावरून दाखविले आणि पर्वतांच्या मुळाशी काय असावे याचा विचार सुरू झाला. आकाशाचे आणि जमिनीचे अशी दोन्ही मापे हाताशी होती, म्हणूनच ती तफावत उघड झाली.

आज नेमके जमिनीचे माप तोकडे पडते. निसार वर्षातून 30 वेळा डोक्यावरून जाणार. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नेहमीच्या क्रमाने वर्षातून 4 वेळा मोजते. भेगांच्या खडकात शेजारच्या दोन विहिरींचेही एकमेकींशी जुळत नाही, तेथे गावागणिक अधिक विहिरी आणि दर पंधरवड्याची नोंद हवी. तिला अवकाशयानाचा खर्च लागत नाही. मोजपट्टी, वही आणि थोडे मानधन पुरते. हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवीत आली आहे. तशा नोंदी वाशिम, रिसोड, मानोऱ्यात साठल्या, तर उपग्रहाची आकडेवारीही त्यांच्याशी ताडून पाहता येईल.

सोयाबीन निघाल्यावर गहू पेरावा की हरभऱ्यावर थांबावे, हा निर्णय येथील शेतकरी ऑक्टोबरात विहिरीत डोकावूनच घेतो. गुरुत्वाकर्षणाचे त्या महिन्याचे आकडे हाती येईपर्यंत महिना-दोन महिने उलटतात आणि तोवर पेरणी आटोपलेली असते.