वुलरच्या काठची टेकडी

काश्मीरमधील वुलर सरोवराच्या पश्चिम तीरावर, वटलब गावी, बाबा शुक्रुद्दीन यांच्या दर्ग्याची टेकडी उभी आहे. तिच्या माथ्यावरून झेलमचे कार्य ध्यानी येते. नदीचे पाणी सरोवरात पसरते, त्याचा वेग मंदावतो आणि गाळ तळाशी बसतो.

गाळ साचणे हा निसर्गक्रमच होय; परंतु मनुष्याने त्याला गती दिली. विसाव्या शतकात सरोवराच्या पात्रातच सरपणासाठी वाळुंजाची लागवड झाली. त्या झाडांनी गाळ अडविला. १९११ साली सुमारे १५७ चौरस किलोमीटर असलेले क्षेत्र २००७ पर्यंत सुमारे ८६ वर आले. सरोवर आक्रसले की पूर सामावून घेण्याची त्याची शक्तीही घटते.

म्हणून वाळुंज काढावा, गाळ उपसावा, हे शास्त्र सांगते. ते योग्यच आहे. तथापि झुरीमंझसारख्या गावांचा चरितार्थ मासे व शिंगाडे यांवर चालतो, आणि काठावरील चुलींना हेच लाकूड लागते. आमचे मत असे की, सरपणाची पर्यायी सोय आधी व्हावी, तोड मागाहून. तसेच डोंगरउतारांवर वनाचे आच्छादन पुनः यावे. अन्यथा आज उपसलेला गाळ उद्याच्या पावसाबरोबर परत येईल.