जॉबकार्डावर वापराचा रकाना हवा

स्प्लेंडर आली की शंभर सीसीची सर्व्हिसिंग, पल्सर आली की दीडशेची, बुलेट आली की तिची वेगळी, ही आपल्या धंद्यातली अंगवळणी पडलेली विभागणी. कम्युटर, स्पोर्ट्स, क्रूझर, ॲडव्हेंचर या प्रकारांवरून गाडी कशासाठी बनवली ते कळते. ती कुठे झिजणार, हे मालकाच्या वापरावर ठरते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून कच्च्या रस्त्याने डेअरी गाठणारी स्प्लेंडर आणि घर ते ऑफिस फिरणारी स्प्लेंडर, दोघींचे इंजिन 97.2 सीसीचेच. पण पहिलीची चेन, मागचे शॉकअप, ब्रेक लायनर आणि एअर फिल्टर आधी जातात. दुसरीचा काटा सावकाश पुढे सरकतो, म्हणून ती ठणठणीत असेलच असे नाही. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि पाण्याची वाफ, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये साचत जाते. डिलिव्हरीच्या गाड्या सिग्नलला नि हॉटेलांच्या दारात चालू ठेवलेल्या असतात; इंजिन राबते, काटा जागचा हलत नाही. नुसत्या किलोमीटरवर झीज मोजता येत नाही, ती यामुळेच.

कंपनीचे वेळापत्रक असताना आपण डोके कशाला चालवायचे, असे काही जण विचारतील. वॉरंटीतल्या गाडीचे वेळापत्रक पाळलेच पाहिजे. पण धुळीच्या भागात एअर फिल्टर लवकर साफ करा, डबलसीट असताना मागच्या टायरमध्ये हवा जास्त ठेवा, हेही कंपन्याच पुस्तिकेत सांगतात. दुसरी शंका गिऱ्हाईकाची: चौकशी केली की बिल वाढवतोय असे त्याला वाटते. त्याला धुळीने भरलेला फिल्टर हातात देऊन दाखवावा. आणि लांब पल्ल्याला एका चालीने जाणाऱ्या गाडीचे ऑइल मुदतीआधी बदलायची गरज नसेल, तर तेही स्पष्ट सांगावे. विश्वास त्यातूनच बसतो. शिवाय हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मागे ओझे आले की शॉकअप दबते आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर गच्च केलेली चेन मग स्प्रॉकेट आणि बेअरिंग खाते. हेडलाइटचा झोतही वर उचलला जाऊन समोरच्याचे डोळे दिपवतो. तेव्हा प्रत्येक जॉबकार्डावर तीन प्रश्न छापून घ्या: रोज किती अंतर, किती ओझे, कसला रस्ता? पाना त्यांच्या उत्तरानंतरच हाती घ्यावा.