सोनेरी पाहुण्यांचा पाहुणचार

तीन वर्षांपूर्वीं दिवाळींत सास्तूरच्या आमच्या घरीं नातवंडांनीं कांचेच्या गोल भांड्यांत दोन गोल्डफिश आणिले. पंधरवड्याच्या आंत दोन्ही मेले. चौकशी करितां कळलें कीं, घरांतील नऊहि माणसें त्यांस रोज मायेनें एकेक चिमूट खाद्य घालीत होतीं!

या माशास जठर नसतें. थोडथोडें खाणेंच त्यास मानवतें. उरलेलें खाद्य पाण्यांत कुजतें. त्यांतून व माशाच्या कल्ल्यांतून निघणारा अमोनिया हें जालीम विष होय. पाणी नितळ दिसत असतांहि त्यानें मासा दगावतो. त्या विषाचा निरास करणारे सूक्ष्म जीवाणु नव्या टांकींत वाढण्यास महिना-दीड महिना लागतो.

चीनमध्यें सुंग राजवटींत (९६०–१२७९) हे मासे तळ्यांत पोसले जात; त्यांस वाडग्यांत कोंडणें हा अन्यायच. दोन माशांस शंभर लिटरांची पसरट टांकी व गाळणी हवी. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. नळाचें पाणी, त्यांतील क्लोरीन उडून जाण्यासाठीं, दिवसभर उघडें ठेवून मगच घालावें. उन्हाळ्यांत तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी राहतो, म्हणून टांकी सावलींत ठेवून हवेचा पंप चालू ठेवावा. काढलेलें पाणी तुळशीस घालावें. आमच्या अवर्षणी मुलुखांत तें वायां दवडूं नये.

मात्र मुख्य नियम एकच : खाद्य एकाच हातानें, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. आमच्या घरीं ती डबी आतां धाकट्या सूनबाईंच्या स्वाधीन आहे. दुसऱ्या खेपेचे मासे दोन वर्षें सुखरूप आहेत, आणि माया आवरणें हीहि मायाच, हें आम्ही उतारवयांत शिकलों.