खारे वारे, मतलई वारे आणि आजीचं उड्डाण

आम्ही बेंगळुरूकर तसे उंचावरचे लोक. आमचं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3000 फुटांवर आहे, त्यात आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. तरीही डिसेंबरच्या सुट्टीत मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून बोटीमागे आकाशात लोंबकळणारी माणसं पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्याहून मोठा गोळा आला तो पुढच्या वाक्याने.

"मला जायचंय," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंचं वय 67. मिरजेच्या शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवला. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि आम्ही त्यांना बेंगळुरूला घेऊन आलो. तेव्हापासून माझ्या नवऱ्याने त्यांना अगदी कापसात ठेवलंय. स्टुलावर चढायचं नाही, बसने जायचं नाही, कुकर उचलायचा नाही. अशा माणसाच्या आईने पॅरासेलिंगचं नाव काढावं!

"आई, काहीतरीच काय!" तो म्हणाला. "तो दीवचा व्हिडिओ बघितला नाहीस का तू?"

तो व्हिडिओ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर फिरला असेल. नोव्हेंबर 2021 मध्ये दीवच्या नागोआ किनाऱ्यावर एका जोडप्याचा दोर हवेतच तुटला. त्याच सुमारास अलिबागजवळ वरसोलीलाही दोन महिलांच्या बाबतीत तसंच झालं. दोन्हीकडे माणसं पाण्यात पडली आणि अंगावर लाइफ जॅकेट असल्यामुळे वाचली.

"बघितलाय," सासूबाई म्हणाल्या. "वाचली ना ती?"

आमची लेक दहावीत आहे. वर्ष महत्त्वाचं म्हणून चार दिवसच सुट्टी काढली होती. बेळगावात मुक्काम, कुंद्याची खरेदी, आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ आणि मालवण. पूर्ण रस्ताभर ती एकच धोशा लावून बसली होती, "मी पॅरासेलिंग करणार." आता आजीच बाजूने झाल्यावर काय विचारता! दुपारी तीनची वेळ ठरली, 500 रुपये आगाऊ दिले आणि आम्ही वाळूत वाट बघत बसलो.

तेवढ्यात लेकीने आजीला विचारलं, "किती उंच जातात गं?"

"दोर किती सोडतात?" आजीने उलट विचारलं.

"शंभर मीटर म्हणाले."

"मग काढ की गणित. दोर काही सरळ उभा नसतो, तिरका असतो. पाण्याशी 35 अंशांचा कोन धर."

लेकीने वाळूत बोटाने त्रिकोण काढला. साइन 35 म्हणजे साधारण 0.57. उंची 57 मीटर, म्हणजे 190 फुटांच्या आसपास. दहावीच्या त्रिकोणमितीचा कुठेतरी उपयोग होतो हे तिला पहिल्यांदाच पटलं असावं.

ही छत्री वर जाते कशी, हेही आजीनेच सांगितलं. बोट पुढे धावते, छत्रीवर समोरून वारा आदळतो, आणि मागच्या बाजूच्या फटींतून निसटताना तो छत्रीला वर उचलतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पिएर-मार्सेल लमुआन नावाच्या फ्रेंच माणसाने अशा फटी असलेली छत्री तयार केली. उद्देश होता पॅराशूटवाल्यांच्या सरावाचा. दर वेळी विमान उडवण्यापेक्षा माणसाला दोराने ओढून वर नेणं स्वस्त पडायचं. पुढे त्याचा समुद्रकिनाऱ्यावरचा खेळ झाला. पॅराग्लायडिंग वेगळं. त्यात डोंगरावरून उडी घेतात आणि छत्री पायलटच्या हातात असते. पॅरासेलिंगमध्ये तुमच्या हातात काहीच नसतं. सगळी मदार बोट चालवणाऱ्यावर, दोरावर आणि वाऱ्यावर.

हे बोलता बोलता सासूबाई गप्प झाल्या आणि समुद्राकडे बघत राहिल्या. मग उठून सरळ बोटवाल्याकडे गेल्या.

"दोर बघू का जरा?"

त्याने हसत दोर दाखवला. सासूबाईंनी तो हातात घेऊन थोडा पुढेपर्यंत चाचपला. एके ठिकाणी मधेच गाठ होती. दोन तुकडे जोडलेले.

"हा तुटला होता का?"

"काय एक होवचा नाय, आजी," तो म्हणाला. "रोज शंभर माणसा जातत."

सासूबाई परत आल्या आणि म्हणाल्या, "आज नको."

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आगाऊ दिलेले पैसे परत मिळाले नाहीत. आणि खरं सांगायचं तर आमच्या नंबरावर दुसरं एक कुटुंब गेलं, वर फिरून हसत हसत परतही आलं. त्यांना काहीसुद्धा झालं नाही.

"बघ!" लेक म्हणाली. "उगाच घाबरलीस तू."

"अगं, सिल्क बोर्डच्या चौकात एखादा लाल दिवा तोडून पलीकडे सुखरूप पोचला, म्हणून दिवा चुकीचा होता असं होत नाही," आजी म्हणाल्या. "समुद्राकडे बघ. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस आलाय. सकाळी होता का? माडांच्या झावळ्या कुठे वळल्यात? जमिनीकडे. हे खारे वारे. शिकलीस ना शाळेत?"

आपण सगळेच शिकलो आहोत. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. मला हे परीक्षेत दोन मार्कांसाठी पाठ होतं. दुपारी तीन वाजता किनाऱ्यावर वारा का वाढतो याचं हेच उत्तर आहे, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

आणि वारा वाढला की दोन गोष्टी होतात. पहिली, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर छत्रीवरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. तो सगळा ताण दोरावर येतो, आणि दोरात गाठ असली की नेमक्या त्याच जागी त्याची ताकद कमी झालेली असते. दुसरी, दोर तुटलाच तर शांत हवेत छत्री पॅराशूटसारखी हळूहळू पाण्यावर उतरते. जोराच्या वाऱ्यात मात्र ती मिटत नाही, माणसाला फरफटत नेते. आणि खारा वारा नेतो तो किनाऱ्याकडे, म्हणजे झाडं, घरं आणि विजेच्या तारांकडे.

रात्री मी फोनवर वाचत बसले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2014 मध्ये पॅरासेलिंगच्या अपघातांवर एक अहवाल काढला होता. त्यातही बोट याच गोष्टींवर ठेवलंय: जोराचा वारा, जुना झिजलेला दोर आणि दोरातली गाठ. मिरजेच्या बाई वाळूत उभ्या राहून वेगळं काय म्हणाल्या होत्या?

जेवणं झाल्यावर नवरा निवांत होता. विषय संपला असं त्याने धरलं होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी घरमालकांना विचारलंय. दुसरी एक बोट आहे. उद्या सकाळी आठला."

"आई, पुरे आता. तूच नको म्हणालीस ना?"

"आज नको म्हणाले. कधीच नको असं म्हणाले नाही."

"तुझं वय बघ. काही झालं तर? बाबा गेल्यावर आता..." त्याला पुढे बोलता येईना.

सासूबाई जरा वेळ थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, तू मला जपतोस, ते कळतं मला. पण तू बघत नाहीस, विचारत नाहीस, नुसतं नको म्हणतोस. स्टुलाला नको, बसला नको, समुद्राला नको. मी दुपारी नको म्हटलं ते दोर हातात घेऊन म्हटलं. तूही बघ, आणि मग नको म्हण. मी ऐकेन."

कोणीच काही बोललं नाही. मी तर अजिबात नाही, कारण त्या 'नको'मध्ये तीन वर्षं माझाही आवाज होताच.

सकाळी साडेसातला नवरा आमच्या आधी किनाऱ्यावर हजर. रात्री त्याने बेंगळुरूच्या डॉक्टरांना फोन केला होता. आईंचा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, हृदयाची तक्रार नाही, पाठीचं दुखणं नाही, हे सगळं विचारून त्यांनी होकार दिला होता. गुडघ्यांचं तेवढं सांभाळा म्हणाले. इथे आणखी एक गोष्ट कळली. काही ठिकाणी वाळूवरून धावत सुटून उडायचं असतं आणि वाळूवरच उतरायचं असतं. गुडघेदुखीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. या बोटीवर मात्र दोर गुंडाळणारं विंच होतं. बोटीच्या मागच्या फळीवर बसायचं, दोर सुटत जातो तसं वर जायचं, आणि दोर गुंडाळला की परत त्याच फळीवर. धावायचं नाही, उडी मारायची नाही.

समुद्र ताटासारखा पसरला होता. फेसाचा ठिपका नाही. "आज वारो बरो आसा," बोटवाला स्वतःच म्हणाला, आणि कोणी विचारायच्या आत त्याने परवान्याचा कागद काढून दाखवला. नवऱ्याने पहिल्यांदा दोर पाहिला. पूर्ण. मग पट्टे, बकलं, लाइफ जॅकेट. हाताच्या खुणा दोनदा विचारून घेतल्या. मग आईकडे बघून म्हणाला, "दोघांना एकदम जाता येतं म्हणे. मी येतो तुझ्याबरोबर."

मी आणि लेक बोटीतून बघत होतो. आधी दोघांचे पाय फळीवरून सुटले, मग हळूहळू ते लहान होत गेले. सासूबाईंनी साडीऐवजी माझी ट्रॅकपँट घातली होती. नवऱ्याचे दोन्ही हात पट्ट्याला घट्ट चिकटलेले. सासूबाईंचा एक हात मात्र सारखा इकडेतिकडे काहीतरी दाखवत होता. खाली येताना बोटवाल्याने वेग कमी करून दोघांचे पाय पाण्यात बुडवले, तेव्हा त्यांचं हसणं आम्हाला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आलं.

"काय दाखवत होत्या?" मी नवऱ्याला नंतर विचारलं.

"सिंधुदुर्ग किल्ला. तट कसा खडकाच्या कडेकडेने वळत गेलाय बघ म्हणाली. मग म्हणाली, 1664 मध्ये काम सुरू झालं तेव्हा हे कोणाला वरून दिसलं असेल?" तो जरा थांबला. "वर एकदम शांत असतं गं. इंजिन ऐकूच येत नाही. इतक्या वर्षांत आई आणि मी असे दोघंच कधी बसलो नव्हतो."

मग लेक आणि मी गेलो. माझ्या उड्डाणाबद्दल एवढंच सांगते की निम्मा वेळ डोळे मिटलेले होते.

तुम्हीही या सुट्टीत कोकणात, गोव्यात किंवा आमच्या कर्नाटकच्या किनाऱ्यावर जाणार असाल, तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. वेळ सकाळची धरा. लाटांवर फेस दिसला तर परत फिरा, आगाऊ पैसे गेले तरी चालतील. दोर, पट्टे आणि लाइफ जॅकेट स्वतः हातात घेऊन बघा, मधे गाठ दिसली तर चढू नका. महाराष्ट्रात या बोटींना मेरीटाईम बोर्डाची परवानगी लागते, ती विचारायला लाजू नका. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे बोट चालवणाऱ्यांना आणि जीवरक्षकांना प्रशिक्षण मिळतं. तसं काही शिक्षण घेतलंय का हेही विचारा. चांगला बोटवाला या प्रश्नांनी चिडत नाही. गरोदर बायका, हृदयाचे रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, यांनी किनाऱ्यावरूनच टाळ्या वाजवाव्यात. आणि मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत सिंधुदुर्गात हे खेळ बंदच असतात. तेव्हा कोणी गुपचूप नेतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी समुद्रात होडी घालत नाहीत, ते काही उगाच नाही.

बेंगळुरूला परत आल्यावर घरात एकच बदल झालाय. सासूबाई आता लालबागेत फिरायला एकट्या बसने जातात. पहिल्या दिवशी नवरा स्टॉपपर्यंत गेला, बसचा नंबर पाहिला, पायऱ्या किती उंच आहेत ते पाहिलं आणि मग "जा" म्हणाला.

लालबागेतल्या मैत्रिणींना त्यांनी फोनमधला फोटो दाखवला तेव्हा एका अज्जींनी घाबरून विचारलं म्हणे, भीती नाही वाटली? सासूबाईंचं कन्नड अजून तीन शब्दांपलीकडे जात नाही. पण तेवढे पुरले.

"बेळिग्गे गाळी कम्मी," त्या म्हणाल्या. सकाळी वारा कमी असतो.

पुढच्या रविवारी त्या अज्जी आमच्याकडे चहाला येणार आहेत. मालवणला जायचा रस्ता विचारायला.